पुढच्यानं बोलायचं

रविवार, ५ सप्टेंबर २००४, महाड

शिक्षक दिन नेमका रविवारी आला, म्हणून शाळेतला कार्यक्रम कालच उरकला. आज सकाळचं धावणं झाल्यावर मुकुलच्या मेडिकलच्या पायरीवर चहा घेताना कमलाकर सर म्हणाले, "जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन आहे. मी तिघांचे फॉर्म मागवलेत. पूर्ण. बेचाळीस किलोमीटर."

मुकुलला ठसका लागला. मला नाही लागला, पण बोबडी वळली होती हे इथे लिहायला हरकत नाही. आम्ही तिघं गेले आठ महिने रोज पाच किलोमीटर धावतो. धावतो म्हणजे मुकुल धावतो, वय एकतीस. सर एका लयीत जातात, वय एकसष्ट. आणि मी, गणिताची बाई, वय त्रेचाळीस, वजन या वहीतसुद्धा लिहिणार नाही, मागून धापा टाकत येते. गांधारी नदीच्या पुलावर शाळेतल्या मुली दिसल्या की पोट आत ओढते.

मी म्हटलं, "सर, यंदा अर्धी करू या की. एकवीस. पूर्ण पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मला जमणार नाही," सर म्हणाले. "पेपरात नकाशा आलाय. समुद्राच्या कडेने जायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्वतःच्या पायांनी जाऊन एकदा ती मुंबई डोळे भरून बघायचीय. यंदाच."

बत्तीस वर्षं आमच्या शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर कुणाच्या डोक्यात काय खूळ शिरेल सांगता येत नाही. मी फॉर्मवर सही केली. का केली, देव जाणे.

बुधवार, १५ सप्टेंबर

कोष्टक तयार केलं. प्रत्येक रविवारी पल्ला वाढवायचा, जानेवारीच्या सुरुवातीला बत्तीसपर्यंत न्यायचा. लाल शाईने चौकटी आखल्या, झेरॉक्स काढून दोघांना दिल्या.

मुकुल म्हणतो पहाटे पाचला निघू, म्हणजे ऊन लागणार नाही. सर एरवी कशालाच नाही म्हणत नाहीत, पण यावर अडून बसले. "नीट उजाडल्याशिवाय मी घराबाहेर पडणार नाही." म्हातारपणी झोप कमी होते म्हणतात, सरांचं उलटंच दिसतं.

शुक्रवार, १ ऑक्टोबर

सर संध्याकाळी घरी आले आणि वल्लरीला आपला रंगांचा लाकडी डबा, सगळे ब्रश आणि मोठा ड्रॉइंग बोर्ड देऊन गेले. लेक बारा वर्षांची, तिला काय करू नि काय नको झालं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला लागेल की." तर म्हणाले, "आता धावायचंय ना." हे बरंय. एक छंद घरात आला की दुसरा घराबाहेर.

खरं तर मी त्यांच्याशी बोलणारच नव्हते. मंगळवारी शिवाजी चौकात मी त्यांना हात केला, चांगला दोनदा, आणि हा माणूस चार पावलांवरून सरळ निघून गेला. ओळख दाखवायला काय जातं? पण रंगांचा डबा बघून माझा राग विरघळला. मी अशीच आहे. रागावते पटकन, आणि टिकवता येत नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

हायवेवर ट्रकवाले अंगावर येतात, म्हणून लांबच्या पल्ल्याला आम्ही एसटीने पोलादपूर गाठतो आणि तिथून उमरठच्या रस्त्याला लागतो. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालंय. सतरा किलोमीटर ठरले होते. अकराव्याला माझे पाय माझे राहिले नव्हते. तेवढ्यात डोंगरातून उतरणाऱ्या पायवाटेवरून आवाज आला. एक माणूस ठेक्यात काहीतरी बोलत होता, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्यामागून दुसऱ्यांचं "होय" येत होतं.

मग झाडीतून डोली बाहेर आली. लांब बांबू, त्याला बांधलेली गोधडीची झोळी, झोळीत एक म्हातारी. बांबूखाली चार माणसं, दोन पुढे, दोन मागे. धावत होती म्हणावं तर पावलं अगदी लहान, आणि चालत होती म्हणावं तर आमच्यापेक्षा भरभर. झोळी मात्र हलत नव्हती. पायवाट संपून रस्ता आला तसा पुढचा माणूस म्हणाला, "डांबर लागलं." त्या शब्दासरशी झोळीतली म्हातारी रडायला लागली.

म्हातारीला न्यायला यायची ती जीप आली नव्हती. ती माणसं थांबलीच नाहीत. आम्हाला मागे टाकून पोलादपूरच्या दवाखान्याकडे निघाली, आणि जाता जाता त्यांनी खांदा बदलला, पाऊल न चुकवता. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. किलोमीटरला साडेसात मिनिटं, खांद्यावर माणूस घेऊन.

मला लाजसुद्धा वाटली नाही. लाज वाटायला आपण त्यांच्या पंक्तीला तरी बसायला हवं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि अंगावर काटा आला, तो घरी येईपर्यंत गेला नाही.

रविवार, १७ ऑक्टोबर

तो डोलीचा पुढचा माणूस आज फाट्यावर आमची वाट बघत उभा होता. नाव श्रीपत. वय त्याला नक्की माहीत नाही, पन्नास धरू. डोंगरावरच्या वाडीत राहतो, तिथे रस्ता नाही. दोन मुलगे मुंबईला, घरी तो, बायको आणि नाचणीचं शेत.

"बाई, त्या दिवशी कुणाच्या पाठी धावत होतात?" त्याने विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"मंग पोचायचं कुठं हाय?"

"कुठेच नाही. फिरून इथेच यायचं."

त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग सरांनी त्याला मॅरेथॉन समजावली. त्याने सगळं ऐकून घेतलं. "आन खांद्यावर काय?"

"काही नाही," सर म्हणाले.

"बेचाळीस, रिकामं?" तो हसला. "वजन नाय म्हंजे जड नाय. पन एकट्याचं काम नाय ते. संगती माणूस पायजे."

तरी आला. सरांनी त्याचाही फॉर्म भरायचं ठरवलं. उजवा खांदा खाली, डावा वर, असा तिरका धावतो, बांबू अजून तिथेच असल्यासारखा. मी दोनदा सांगितलं, सरळ धावा. "होय बाई" म्हणतो आणि तिरकाच धावतो.

रविवार, ७ नोव्हेंबर

श्रीपतला गप्प धावताच येत नाही. सर्वांच्या पुढे राहतो आणि सारखं चालू. "खड्डा हाय, डावीकडं." "खडी हाय." "मोरी आली, उतार हाय." आणि त्याच्यामागे दोन पावलांवर सर, प्रत्येक वेळी "होय" म्हणत. दोघं खुशीत. माझं डोकं उठतं.

शेवटी विचारलंच. श्रीपत म्हणाला, "डोलीत मागच्याला वाट दिसत नाय बाई. झोळी आडवी येते. म्हनून पुढच्यानं बोलायचं, मागच्यानं होय म्हनायचं. होय आलं नाय तर थांबायचं."

"आणि ते डांबर लागलं?"

"ते शेवटचं. ते ऐकलं की डोलीतल्या माणसाला कळतं, जगलो. मोठमोठी माणसं रडतात."

ऐकून ती झोळीतली म्हातारी आठवली. पण गणिताची खोड. "अहो, पण इथे डोली कुठे आहे?"

श्रीपतने सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सवय हाय," म्हणाला.

सरांचीही एक नवी सवय. किलोमीटरचा दगड आला की मला विचारतात, "काय लिहिलंय गं?" माझा हिशोब तपासतात. शिक्षक तो शिक्षकच.

रविवार, २८ नोव्हेंबर

आज सर पडले, आणि चूक बहुधा माझी आहे.

पाचाडचा रस्ता, सव्वीस किलोमीटर, त्यात चढ. परवा पेपरात वाचलं होतं की धावताना बोललं की दम वाया जातो. मी निघतानाच सांगितलं, आज कुणी बोलायचं नाही. श्रीपत म्हणाला, "बाई, माझी सवय..." मी म्हटलं, "सवय मोडायची." चाळीस मुलींचा वर्ग गप्प करते मी, हा काय. तो सरांकडे बघत राहिला. सर म्हणाले, "बाईंचं ऐक."

पाचाड चार किलोमीटरवर असताना मोरीचं काम चाललं होतं. सिमेंटचा पाईप रस्त्यात आडवा, वर लाल फडकं, आंधळ्यालाही दिसावा असा. मुकुल वळसा घालून गेला, श्रीपत गेला, आणि सर सरळ त्या पाईपवर जाऊन आपटले. दोन्ही तळहात सोलले, गुडघा फुटला. मुकुलने पाण्याने जखम धुतली. श्रीपत रस्त्यावरच बसला, डोकं धरून. "मी बोललो नाय," एवढंच म्हणत होता.

"माझंच लक्ष नव्हतं," सर म्हणाले.

पाचाडच्या खानावळीत जेवलो. सरांनी आमटी वाटीच्या बाहेर ओतून घेतली. हात थरथरत असणार बिचाऱ्यांचा. श्रीपत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. दमल्यामुळे तोल गेला, म्हणजे चढावरचा वेग मीच चुकीचा ठरवला होता. कोष्टकात दुरुस्ती केली.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

सरांना बघायला गेले. गोदावरीकाकूंनी पोहे केले, आणि मी निघताना दारात माझा हात धरला. "अगं, मुंबईत तू असशील ना त्यांच्याबरोबर? अगदी सगळा वेळ?"

मी म्हटलं, "काकू, शर्यतीत ज्याने त्याने आपल्या वेगाने जायचं असतं." त्यांचा चेहरा पडला. नवऱ्याच्या गुडघ्याला एवढं खरचटलं तर इतकी काळजी. आमच्याकडे बघा, मी बत्तीस धावून आले तरी विचारतील, आमटीत मीठ कमी का.

रविवार, २ जानेवारी २००५

बत्तीस. तीन तास सेहेचाळीस मिनिटं. मी. मी धावले.

शेवटच्या पाचात एक विचित्र गोष्ट झाली. दुखायचं ते सगळं दुखून झालं आणि मग पाय आपले आपण चालू लागले, मी नुसती वर बसले होते. त्रेचाळीस वर्षं या शरीराला नावं ठेवली. कपड्यांच्या दुकानात, लग्नाच्या फोटोत, आरशात. आणि ते हे सगळं पोटात ठेवून बसलं होतं. पोलादपूरच्या स्टँडवर बाकावर बसून मी रडले, मुकुलने शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

सर आणि श्रीपत पंधरा मिनिटांनी आले, सरांचा गुडघा सांभाळत, बोलत. "होय", "होय" लांबून ऐकू येत होतं. त्यांचं बोलणं मी पुन्हा बंद केलं नाही.

घरी येऊन हिशोब केला. याच वेगाने गेले तर बेचाळीस पाच तासांच्या आत होतात, दोन मिनिटं राखून. ठरलं. मुंबईत मी माझ्या वेगाने. सरांना श्रीपत आहे.

शनिवार, १५ जानेवारी, दादर, मुकुलच्या मामांचं घर

सकाळी निघताना मुकुलच्या दुकानात फोन. श्रीपत, उमरठच्या बूथवरून.

"बाई, मी येत नाय. वाडीतली पोरगी बाळंतपनात अडलीय, खाली न्यावी लागंल. वाडीतली पोरं समदी मुंबैला. खांदे चारच हायत, मी आलो तर तीन."

त्या चार खांद्यांपुढे आमची शर्यत म्हणजे चैन.

मग म्हणाला, "तुमी पुढं राहा. आन बोलत राहा."

"काय बोलू?"

"दिसंल ते." फोन ठेवला.

एसटीत सर वडखळला म्हणाले, "वैदेही, तू तुझ्या वेगाने जा हं." बरं झालं, त्यांनीच म्हटलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

सोमवार, १७ जानेवारी, महाड

काल. जमेल तसं लिहिते.

आम्ही उभे राहिलो तेव्हा अजून अंधार होता. व्हीटीच्या समोर एवढी माणसं की रस्ता दिसेना. सरांनी माझी बाही धरली. मला वाटलं, गर्दीला बुजले. सुटलो तसा मुकुल दिसेनासा झाला. पहिल्या किलोमीटरला नऊ मिनिटं गेली, बाही अजून सरांच्या हातात. मी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "सर, मी जाऊ पुढे?"

"जा," ते म्हणाले, आणि बाही सोडली.

मी दहा-बारा पावलं गेले. वळून का पाहिलं माहीत नाही. सर थांबले होते. माणसं दोन्ही बाजूंनी त्यांना चाटून धावत होती आणि ते रस्त्याच्या मधोमध, हात थोडे पुढे करून, घरातले लाईट गेल्यावर आपण उभे राहतो तसे उभे होते.

शिवाजी चौक. रंगांचा डबा. उजाडल्याशिवाय नाही. दगडावर काय लिहिलंय गं. लाल फडक्याचा पाईप. आमटी. चार महिने सगळे आकडे माझ्यासमोर मांडलेले होते आणि मला बेरीज करता आली नाही. गणिताची बाई म्हणे.

परत गेले. काही विचारलं नाही. त्यांच्या पुढे दोन पावलांवर उभी राहिले आणि म्हटलं, "सपाट हाय." श्रीपतच्याच बोलीत तोंडातून आलं.

मग मागून आलं, "होय."

धावलो. "बाटल्या हायत, उजवीकडं." होय. "दुभाजक हाय, डावीकडं या." होय. उजाडलं तेव्हा डावीकडे समुद्र होता. डोळे भरून बघायचीय म्हणाले होते ते आठवलं, आणि मी म्हटलं, "समुद्र हाय. करडा."

"करड्याचे पन्नास प्रकार असतात," मागून आवाज. "पारव्याचा की शिशाचा?"

मी आयुष्यात कधी समुद्राकडे असं बघितलं नव्हतं. "काठाशी शिशाचा. लांब पारव्याचा. आणि मधे एक पट्टा, दुधात हळद टाकल्यासारखा."

"होय," सर म्हणाले, आणि या होयचा आवाज वेगळा होता. मग मी थांबलेच नाही. खड्डा, केळीची सालं, पिवळ्या साडीत टाळ्या वाजवणारी म्हातारी, माहीमच्या चर्चचा पांढरा, वांद्र्याहून परत फिरताना आमच्या सावल्यांचा निळा. दम वाया जातो म्हणे. मला तर वाटतं, बोलले म्हणून धावले.

पेडर रोडचा चढ. पस्तीस होऊन गेले होते. "चढ हाय," मी म्हटलं.

होय आलं नाही.

मी थांबले. सर कठड्याला टेकले होते, पोटऱ्यांत गोळे आलेले. मी खाली बसून पाय चोळले. ते वरून बोलत होते. काचबिंदू. बाजूचं केव्हाच गेलं, आता नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, तेही वर्षभरच. गोदावरीकाकूंना माहीत. श्रीपतला त्यांनी सांगितलं नव्हतं, त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला कोष्टकातून काढलं असतंस."

खरं होतं. काढलंच असतं, लाल शाईने. हा माणूस खड्ड्यांतून, दगडधोंड्यांतून, निव्वळ एका आवाजाच्या भरवशावर सव्वीस-सव्वीस किलोमीटर धावला. आणि ज्या दिवशी मी तो आवाज बंद केला, त्या दिवशी नुसतं "बाईंचं ऐक" म्हणून तसाच निघाला. मी त्या चढावर बसून वर त्यांच्याकडे बघत होते. एवढं मोठं माणूस मी जवळून पाहिलेलं नाही.

"उठ," सर म्हणाले. "बोल."

पाच तास झाले तेव्हा मरीन ड्राइव्हवर होतो. घड्याळ काढून खिशात टाकलं. रस्त्यावर गाड्या सोडायला सुरुवात झाली होती, कडेकडेने गेलो. माझा आवाज बसला होता. शेवटची कमान दिसली, पलीकडे हात हलवणारा मुकुल दिसला. कमानीखालून गेलो. मला काहीतरी म्हणायचं होतं आणि सुचलं ते हेच. सकाळपासून डांबरावरच तर धावत होतो, तरी म्हटलं.

"डांबर लागलं, सर."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रस्त्यावर उभ्या उभ्या मोठ्याने रडले. हातांच्या आतून म्हणाले, "होय."

रविवार, २३ जानेवारी

पोलादपूर. पाय अजून आखडलेले, आठच किलोमीटर ठरवले. श्रीपत फाट्यावर होता.

"पोरगी?" मी विचारलं.

"डांबर लागायच्या आधीच मोकळी झाली. करवंदीच्या जाळीपाशी. मुलगी हाय. दोघी बऱ्या हायत." मग थांबून, "तुमचं?"

"लागलं."

"होय येत होतं?"

"एकदा नाही आलं. थांबले."

त्याने मान हलवली. पाचाडनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसला.

सरांनी शाळेसारखी हजेरी घेतली. वल्लरीने माझ्या सांगण्यावरून समुद्र काढलाय, तो मी त्यांना रस्त्यातच वर्णन करून सांगितला. हळद जास्त झालीय म्हणाले, संध्याकाळी तिला बोर्ड घेऊन घरी पाठव, मी सांगतो तसं करेल.

निघालो. मी सवयीने मागे राहिले, तर श्रीपत बाजूला झाला आणि मला पुढे जा म्हणून हात केला. स्वतः सरांच्या मागे गेला. पुलाच्या अलीकडे रस्ता उखडला होता.

"खडी हाय," मी म्हटलं.

"होय," सर.

त्यांच्याही मागून श्रीपतचा आवाज आला. "बाई, जरा मोठ्यानं. मागं पोचत नाय."

मी आवाज वाढवला.